दूरध्वनीच्या पडद्यावरील व्यवसायनाम : उगम, दोष आणि दुरुस्ती

१. विषयप्रवेश

दुकानाच्या दर्शनी भागी लावलेली पाटी दुकानदार स्वतः रंगवून घेतो. तिच्यावरील एखादे अक्षर चुकले, तर रंगाऱ्याला बोलावून ते सुधारून घेणे त्याच्या हाती असते. परंतु आज प्रत्येक व्यवसायाला आणखी एक पाटी लाभलेली आहे. व्यवसायाच्या क्रमांकावरून कोणालाही दूरध्वनी केला असता समोरच्या माणसाच्या पडद्यावर जे नाव उमटते, ती ही दुसरी पाटी होय. ती दुकानदाराला स्वतःला कधीही दिसत नाही, आणि तिच्यावर काय लिहावयाचे हेही बहुधा त्याने ठरविलेले नसते. हे नाव येते कोठून, ते चुकते का आणि चुकले असता कोठे दुरुस्त करावयाचे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे या तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेतले आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

हा विषय वरवर पाहता अभियंत्यांचा किंवा व्यापाऱ्यांचा वाटेल. तथापि विशेषनाम, निर्देश, लिपी आणि लिप्यंतर हे भाषाशास्त्राचे जुने प्रश्नच येथे नव्या वेषात उभे आहेत. शिवाय प्रश्न केवळ तात्त्विक नाही. खताची गाडी आली, तुरीचा भाव चढला, कापसाचे पैसे जमा झाले, असे निरोप आज कृषी केंद्रातून आणि अडत दुकानातून दूरध्वनीनेच जातात. दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीच्या भयाने लोक अनोळखी क्रमांक घेईनासे झाले आहेत. अशा वेळी पडद्यावर नाव नसणे किंवा भलतेच नाव असणे म्हणजे निरोप न पोचणे होय. हंगामाच्या दिवसांत त्याचा तोटा दुकानदाराला होतो आणि शेतकऱ्यालाही होतो.

२. ओळख देण्याचा बदललेला क्रम

दूरध्वनीवरील संभाषणाच्या आरंभाचे शास्त्रीय विश्लेषण इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ मध्ये ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात केले. त्यांच्या मते घंटी ही हाक असून ‘हॅलो’ हे त्या हाकेला दिलेले उत्तर असते. यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. ज्याला कोण बोलावीत आहे हे ठाऊक नाही, त्यालाच प्रथम बोलावे लागते. आणि ज्याला सर्व ठाऊक आहे, तो मागाहून बोलतो. वऱ्हाडात पलीकडून येणारा ‘कोन बोलून राह्यलं?’ हा प्रश्न या विषमतेचाच उद्गार आहे. त्याला ‘मी बोलतो’ एवढेच उत्तर दिले, तर ‘मी’ या सर्वनामाने काहीही निर्दिष्ट होत नाही. कारण सर्वनामाला अर्थ पुरविणारा प्रसंग डोळ्यांपुढे नसतो. म्हणून येथे नाव सांगणे अपरिहार्य ठरते.

ट्रंक कॉलच्या काळी ही अडचण मध्यस्थ माणूस सोडवीत असे. केंद्रावरील कर्मचारी आधी कोठून दूरध्वनी आहे ते सांगे आणि मग दोघांना जोडून देई. भारतात लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये १९६० साली ग्राहकाला थेट दूरचा क्रमांक फिरविण्याची सोय झाली, आणि पुढे ती देशभर पसरत गेली तसतसा हा मध्यस्थ नाहीसा झाला. पुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्रमांक दिसू लागला. परंतु क्रमांक हे नाव नव्हे. दहा अंकांवरून माणूस ओळखावयाचा तर तो आधीच परिचित असावा लागतो. पडद्यावर नाव दिसणे याचा अर्थ इतकाच की, जुन्या काळच्या कर्मचाऱ्याचे काम आता यंत्राकडे आले आहे. फरक असा की, कर्मचारी बोलावणाऱ्याला विचारून सांगत असे. यंत्र बोलावणाऱ्याला काहीच विचारीत नाही.

३. नाव येते कोठून?

या शेवटच्या वाक्यातच सर्व प्रश्नाची किल्ली आहे. सर्वसामान्य समजूत अशी असते की, आपल्या यंत्रात आपण जे नाव भरले आहे ते दूरध्वनीबरोबर पुढे जाते. वस्तुतः तसे होत नाही. दूरध्वनीबरोबर निश्चितपणे जातो तो क्रमांक. नाव हे त्या क्रमांकावरून कोठल्या तरी नोंदवहीत शोधून काढले जाते, आणि ती नोंदवही बहुधा बोलावणाऱ्याच्या ताब्यात नसते. अशा नोंदवह्या मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत.

पहिली नोंदवही घेणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रातील होय. तेथे त्याने ‘बियाणेवाले धामणगाव’ असे लिहून ठेवले असेल, तर त्याला तेच दिसते. हे नाव सर्वस्वी त्याचे आहे. त्यात दुकानदाराला हात घालता येत नाही.

दुसरी नोंदवही खाजगी कंपन्यांच्या संग्रहांची. स्टॉकहोम येथे २००९ मध्ये सुरू झालेले ‘ट्रूकॉलर’ हे याचे सुपरिचित उदाहरण आहे. अशा संग्रहातील नावे मोठ्या प्रमाणात इतर लोकांनी पुरविलेली असतात. म्हणजे तुमचे जग तुम्हाला ज्या नावाने ओळखते, ते नाव येथे साठते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हे स्वनाम नसून परनाम होय. गावाने ठेवलेले टोपणनाव जसे माणसाला चिकटते, तसेच हे आहे. गूगलच्या दूरध्वनी-उपयोजनातही, एखाद्या व्यवसायाची नोंद त्या कंपनीच्या नकाशावर असेल तर, त्या नोंदीतील नाव पडद्यावर येऊ शकते.

तिसरी नोंदवही दूरध्वनी कंपनीची स्वतःची. क्रमांक घेताना ग्राहकाने ओळखपत्र देऊन जो अर्ज भरलेला असतो, त्यातील नाव येथे असते. हे नाव कायदेशीर पुराव्यावर आधारलेले असल्याने सर्वांत विश्वसनीय ठरते. परंतु विश्वसनीय नाव म्हणजे उपयुक्त नाव नव्हे, हे पुढे दिसेल.

सॉल क्रिप्के यांनी १९७० मध्ये प्रिन्स्टन येथे दिलेल्या व्याख्यानांत असे मत मांडले की, विशेषनाम हे वर्णनाच्या आधारे वस्तूला चिकटत नाही. आरंभी नामकरण होते आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे अशा साखळीने ते नाव पुढे चालत येते. वरील तीन नोंदवह्या म्हणजे अशा तीन भिन्न साखळ्या आहेत, आणि त्या तिन्हींचे नामकरण भिन्न प्रसंगी, भिन्न व्यक्तींनी केलेले आहे. एकाच दुकानाचे तीन पडद्यांवर तीन नावे दिसतात याचे कारण हेच होय. म्हणून ‘नाव चुकले’ अशी तक्रार करण्यापूर्वी ‘कोणत्या साखळीतील नाव चुकले’ हे विचारले पाहिजे.

नोंदवही परक्या हाती असण्याचा परिणाम अमेरिकेत पूर्वीपासून दिसून आलेला आहे. तेथील जुन्या पद्धतीत नावासाठी रिकाम्या जागा धरून अवघी १५ अक्षरे ठेवलेली आहेत, आणि दूरध्वनी ज्याच्याकडे पोचतो त्या बाजूची कंपनी नामसंग्रहात क्रमांक शोधून नाव आणते. हे नामसंग्रह अनेक आहेत. त्यामुळे व्यावसायिकाने आपल्या कंपनीकडे नाव दुरुस्त केले, तरी दुसऱ्या संग्रहातील जुने नाव काही ग्राहकांना दिसतच राहते. तेथे नावाची दुरुस्ती ही अनेक नोंदवह्यांच्या पाठीस लागण्याची गोष्ट होऊन बसते.

४. भारतातील व्यवस्था

आपल्याकडे या प्रश्नाचा औपचारिक विचार भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नोव्हेंबर २०२२ मध्ये विचारार्थ टिपण प्रसिद्ध करून सुरू केला. ‘कॉलिंग नेम प्रेझेंटेशन’, संक्षेपाने ‘सीनॅप’, असे या सेवेचे नाव आहे. तिच्याविषयीच्या शिफारशी २३ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाल्या. ग्राहकाने अर्जात दिलेले नाव हेच पडद्यावर दाखवावे, हे त्यांतील मूळ तत्त्व. सेवा ग्राहकाने मागितल्यास सुरू करावी असे त्या वेळी सुचविले होते. दूरसंचार विभागाचे मत मात्र असे पडले की, सेवा सर्वांना आरंभापासूनच मिळावी आणि नको असेल त्याने ती बंद करून घ्यावी. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या उत्तरात ट्रायने हे मत मान्य केले. यानंतर सेवेची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

व्यवसायांच्या दृष्टीने या शिफारशींतील एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. व्यावसायिक जोडणी घेणाऱ्या संस्थेला अर्जातील नावाऐवजी आपले ‘पसंतीचे नाव’ दाखविण्याची मुभा असावी, असे तेथे म्हटले आहे. हे पसंतीचे नाव मनाला येईल ते नव्हे. ते नोंदणीकृत व्यापारचिन्ह असावे, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील व्यापारी नाव असावे, किंवा शासनाकडे रीतसर नोंदलेले दुसरे एखादे अनन्य नाव असावे. आणि त्यावरील आपली मालकी कागदपत्रांनी सिद्ध करता आली पाहिजे.

दोन मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. सेवेचा आरंभ ४-जी आणि त्यापुढील जाळ्यांपासून करावयाचा आहे, कारण २-जी आणि ३-जीच्या जुन्या रचनेत नाव वाहून नेणे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे. ज्या शेतकऱ्याच्या हाती अजून साधा बटनांचा जुना फोन आहे, त्याला हे नाव सहजासहजी दिसणार नाही. दुसरे असे की, २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. म्हणून क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून तो कोणत्या कंपनीचा हे आता सांगता येत नाही. नाव शोधण्याआधी कंपनी शोधावी लागते.

येथे एक जुनी प्रथा आठवण्यासारखी आहे. तारेचे शब्द मोजून पैसे पडत असल्यामुळे व्यापारी पेढ्या तार कार्यालयात आपला आटोपशीर ‘तारेचा पत्ता’ नोंदवीत, आणि तो एक शब्द पेढीच्या पूर्ण नावापत्त्याचे काम करी. पसंतीचे, आखूड, वेगळे आणि सरकारदप्तरी नोंदलेले नाव ही कल्पना, म्हणजे, नवी नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्याबरोबर गेलेली ही शिस्त आता दुसऱ्या दाराने परत आली आहे.

५. व्यवसायनामाची घडण आणि छाटणी

आता खास भाषिक प्रश्नाकडे वळू. धामणगाव रेल्वे हे नाव स्वतःच या प्रश्नाचा नमुना आहे. धामणगाव नावाची गावे अनेक आहेत. अमरावती जिल्ह्यातच अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे आणि बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला. त्या मार्गावरील धामणगावाला ‘रेल्वे’ हे भेददर्शक पद जोडले गेले, आणि एक परकी शब्द गावाच्या अधिकृत नावाचा भाग झाला. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ, अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी या जोड्या याच जिल्ह्यातील आहेत. या सर्वांत सामान्य पद आधी आणि भेद करणारे पद मागाहून येते. उजवीकडील शब्द गळाला, तर गाव हरवते.

व्यवसायनामांची घडणही बहुतांशी अशीच आहे. उदाहरणादाखल ‘श्री गजानन कृषी सेवा केंद्र, धामणगाव रेल्वे’ हे नाव घेऊ. हे नाव लेखासाठी रचले आहे, कोणत्याही विशिष्ट दुकानाचे नाही. आणि ते रचण्यास प्रयास पडत नाहीत, हेच त्याचे वैशिष्ट्य. त्याची पदे पाहिली तर आधी मंगलवाचक ‘श्री’, मग आराध्याचे नाव, मग धंद्याचे सामान्यनाम आणि शेवटी गाव, असा क्रम दिसतो. शेगावच्या सान्निध्यामुळे वऱ्हाडात ‘गजानन’ हे नाव असंख्य दुकानांना आहे. म्हणजे डावीकडील पदे श्रद्धा व्यक्त करतात, आणि निर्देशाचे काम उजवीकडील पदे करतात. भिंतीवरील पाटीला यामुळे काही बाधा येत नाही, कारण पाटी संपूर्ण वाचली जाते आणि ती ज्या जागी उभी आहे ती जागाच गाव सांगते.

पडद्यावर मात्र जागा अपुरी असते, आणि यंत्र नाव छाटते ते उजवीकडून. अमेरिकेतील १५ अक्षरांची मर्यादा केवळ कसोटी म्हणून लावून पाहू. वरील नाव रोमी लिपीत लिहिले, तर ‘श्री गजानन’ आणि कृषीचा ‘क्र’ एवढ्यातच १५ अक्षरे संपतात. दुकान खताचे की कापडाचे, धामणगावचे की दर्यापूरचे, याचा काहीही बोध होत नाही. उलट तेच नाव ‘धामणगाव गजानन कृषी’ असे फिरविले, तर रोमी लिपीतील पहिल्या १५ अक्षरांत ‘धामणगाव गजा’ इतका भाग टिकतो आणि निदान गाव तरी कळते.

तथापि गाव आधी घालणे हाही सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. भेददर्शक पद कोणते हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. वर्धा नदीपलीकडील पुलगावच्या किंवा यवतमाळकडील ग्राहकाला ‘धामणगाव’ हे पद उपयोगी आहे. परंतु धामणगावच्याच बाजारपेठेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्याला दुकानदाराचे आडनाव किंवा धंद्याचा प्रकार हवा असतो. यास्तव नाव ठरविताना प्रथम पाहावयाचे ते हे की, आपले दूरध्वनी मुख्यतः कोणाकडे जातात. त्या श्रोतृवर्गाच्या दृष्टीने जे पद आपल्याला इतरांपासून वेगळे करते, ते नावाच्या आरंभी असावे.

६. लिपीचा प्रश्न

ग्राहक-अर्ज आणि कर-नोंदणी यांतील नावे बहुधा रोमी लिपीत असतात. मराठी नावाचे रोमीकरण होताना काय गळते, हे या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ हे भेद तेथे उरत नाहीत. के-ए-एल-ई या चार रोमी अक्षरांचे वाचन ‘काळे’ होईल, ‘काले’ होईल आणि ‘कळे’ही होईल. धामणगावचा ‘ण’ वऱ्हाडी उच्चारात आधीच ‘न’ होतो, त्यामुळे तेथे कानाला फारसे खटकणार नाही. परंतु लेखनातील भेद उच्चाराने झाकला गेला म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. शिवाय रोमी लेखनात प्रमाण असे काही नसल्याने एकच नाव ओळखपत्रावर एका वर्णक्रमाने, कर-नोंदणीत दुसऱ्या आणि पाटीवर तिसऱ्या वर्णक्रमाने लिहिलेले आढळते. यंत्राच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी नावे होत. पसंतीच्या नावावरील मालकी कागदपत्रांनी सिद्ध करावयाची असताना असा विसंवाद अडचणीचा ठरतो.

देवनागरीला जागा अधिक लागते, म्हणून रोमी लिपी सोयीची, असा एक युक्तिवाद केला जातो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. युनिकोड संकेतप्रणालीत व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र संकेताने नोंदली जातात. त्यामुळे ‘श्री’ हे दिसावयास एक अक्षर असले, तरी यंत्राच्या मोजणीत ते चार चिन्हांचे होते. असे असूनही आपल्या उदाहरणातील गावासह पूर्ण नाव, स्वल्पविराम वगळता, रोमी लिपीत ५० चिन्हांचे आणि देवनागरीत ४२ चिन्हांचे भरते. पंधराच्या कसोटीत रोमी लिपी ‘क्र’पाशी थांबते, तर देवनागरीत ‘श्री गजानन कृषी’ हे शब्द पूर्ण बसतात. कारण उघड आहे : आपल्या लिपीत ‘अ’ हा स्वर व्यंजनात अंतर्भूत असतो, तो वेगळा लिहावा लागत नाही.

मात्र मर्यादा चिन्हांत न मोजता यंत्राच्या साठवणीत, म्हणजे बाइटांत मोजली, तर चित्र पालटते. प्रचलित युटीएफ-८ पद्धतीत रोमी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. म्हणून ‘श्री गजानन कृषी’ला ४१ बाइट लागतील. लघुसंदेशात रोमी लिपीची १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीची ७०, हा सर्वांच्या अनुभवातील फरक अशाच प्रकारचा आहे. तात्पर्य, देवनागरी लांब आहे की आखूड हे लिपीवर ठरत नसून मोजमाप कोणत्या एककात करावयाचे यावर ठरते. आणि ते एकक लिपीच्या प्रकृतीने नव्हे, तर नियम करणाऱ्यांनी ठरविलेले असते. यात भाषाशास्त्रज्ञांना बोलण्यास जागा आहे.

या संदर्भात एक विसंगती नोंदविली पाहिजे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा आहे. त्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव आरंभी असावे आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा हा दंडक आहे. म्हणजे भिंतीवरील पाटी मराठीत असणे हा कायदा. पण लेखाच्या आरंभी वर्णिलेल्या दुसऱ्या पाटीला असा कोणताही दंडक नाही. रस्त्यावरून जाणारी माणसे पहिली पाटी वाचतात. दुसरी पाटी खेडोपाडी, शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वाचली जाते, आणि त्याला रोमी लिपी सफाईने वाचता येते असे गृहीत धरणे न्याय्य नाही.

७. दुरुस्तीचा क्रम

आता व्यवहाराच्या अंगाने पाहू. दुरुस्तीचे पहिले पाऊल म्हणजे निरीक्षण. ज्यांच्या यंत्रात आपला क्रमांक साठविलेला नाही अशा चार-पाच परिचितांना, भिन्न कंपन्यांच्या जोडण्यांवर, दूरध्वनी करावा आणि काय उमटले ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. त्यांच्या यंत्रात ट्रूकॉलरसारखे उपयोजन आहे की नाही, हेही नोंदवावे. एवढ्यावरून चूक कोणत्या नोंदवहीतील आहे याचा बहुधा उलगडा होतो. एका विशिष्ट उपयोजनातच नाव चुकत असेल, तर कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही. आणि उपयोजन नसलेल्या पडद्यावरही चुकत असेल, तर दोष कंपनीच्या नोंदवहीत आहे.

दुसरे पाऊल, क्रमांक कोणाच्या नावावर आहे याची खात्री. लहान गावांत दुकानाचा क्रमांक कित्येकदा वडिलांच्या, भावाच्या किंवा जुन्या नोकराच्या नावावर घेतलेला असतो. कधी ती व्यक्ती हयातही नसते. आजवर याने काही अडले नाही, कारण ते नाव कोणाला दिसत नव्हते. सीनॅपच्या व्यवस्थेत नेमके तेच नाव पडद्यावर येणार. दिवंगत माणसाच्या नावाने शेतकऱ्याला दूरध्वनी जाणे हे केवळ गैरसोयीचे नाही. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर (ते मे २०२३ मध्ये सुरू झाले) आपल्या नावावर कोणकोणत्या जोडण्या आहेत हे पाहता येते. आपला क्रमांक त्यात नसेल, तर कंपनीच्या कार्यालयात ओळखपत्रे देऊन नोंद बदलून घ्यावी, किंवा संस्थेच्या नावे व्यावसायिक जोडणी घ्यावी.

तिसरे पाऊल, पसंतीच्या नावाचा आधार पक्का करणे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीपत्रात कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव अशा दोन निरनिराळ्या नोंदी असतात. व्यापारी नावाची नोंद चुकीची असेल, तर आरईजी-१४ या नमुन्यात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. ही दुरुस्ती आधी आणि दूरध्वनी कंपनीकडील मागणी नंतर, हा क्रम सोडू नये. अन्यथा जुनीच चूक नव्या नोंदवहीत कायम होते. नाव फिरवावयाचे असेल, तर पाचव्या भागातील विचार याच वेळी करावा.

चौथे पाऊल, खाजगी संग्रहांची दुरुस्ती. ट्रूकॉलरमध्ये आपल्या क्रमांकाचे नाव स्वतः सुधारता येते, आणि व्यवसायांसाठी पडताळलेल्या नावाची सशुल्क सोय आहे. गूगलच्या नकाशावरील नोंद मालकाने आपल्या ताब्यात घेऊन तीत तेच नाव, त्याच वर्णक्रमाने, घालावे. पाटी, कर-नोंदणी, दूरध्वनी आणि नकाशा या चारही ठिकाणी नावाचे एकच रूप असणे हीच यातील खरी दुरुस्ती होय.

पतसंस्था आणि बँका यांचा मार्ग थोडा निराळा आहे. सेवा व व्यवहारविषयक दूरध्वनींसाठी २०२४ मध्ये १६०० या अंकांनी आरंभ होणारी मालिका राखून ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रायने वित्तसंस्थांना तिचा अवलंब करण्यासाठी मुदती घालून दिल्या; सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांसाठी ती १ मार्च २०२६ ही होती. जाहिरातीच्या दूरध्वनींसाठी १४० ची मालिका वेगळी आहे. येथे अंक हेच जातिवाचक नामाचे काम करतात : संस्था कोणती हे नाव सांगते, आणि संस्था कोणत्या प्रकारची हे क्रमांक सांगतो.

एक सावधगिरीची सूचना ग्राहकांसाठी. पडद्यावर आलेले नाव क्रमांक कोणाच्या नावावर नोंदलेला आहे एवढेच सांगते. बोलणारा माणूस तोच आहे, अथवा तो सांगतो ते खरे आहे, असे नाव म्हणत नाही. निर्देश बरोबर असणे आणि विधान सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा तर्कशास्त्रातील जुना भेद येथे पैशांच्या रक्षणासाठी उपयोगी पडतो. नाव ओळखीचे दिसले तरी गुप्त संकेतांक कोणालाही सांगू नये.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, पडद्यावरील नाव हे बोलणाऱ्याने उच्चारलेले नाव नसून नोंदवहीने त्याच्या वतीने उच्चारलेले नाव आहे. म्हणून त्याची दुरुस्ती यंत्रात नव्हे, नोंदवहीतच करावी लागते. व्यापाऱ्याच्या हाती नावाची निवड, त्यातील पदांचा क्रम आणि सर्वत्र एकच वर्णक्रम ठेवण्याची दक्षता, एवढे आहे. लिपी मात्र त्याच्या एकट्याच्या हाती नाही. नोंदवहीत मराठी नावासाठी देवनागरी रकाना असावा, नावाची लांबी चिन्हांत मोजली जावी, आणि रोमी रूप द्यावयाचेच तर त्याचे लिप्यंतर एका ठरावीक पद्धतीने व्हावे, या तीन मागण्या भाषेच्या अभ्यासकांनी नियामकांपुढे मांडावयास हव्यात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे एक आटोपशीर क्षेत्रही उपलब्ध आहे. एखाद्या बाजारपेठेतील शंभर दुकाने घ्यावीत. प्रत्येकाचे पाटीवरील नाव, कर-नोंदणीतील नाव, पडद्यावर उमटणारे नाव आणि गिऱ्हाइकांच्या तोंडचे नाव ही चार रूपे शेजारी शेजारी मांडावीत, आणि त्यांतील पदक्रम, लोप व वर्णक्रमभेद यांची नोंद करावी. दुकानदारांची संमती घेऊनच हे काम करावे, हे सांगणे नलगे. धामणगाव रेल्वेची बाजारपेठ अशा पाहणीस आकाराने सोयीची आहे. आणि पाहणी पुरी झाल्यावर प्रत्येक दुकानदाराला त्याच्या नावाची चार रूपे दाखविणारा कागद देता आला, तर आपली दुसरी पाटी त्याला प्रथमच वाचावयास मिळेल.